गोड्या पाण्यातील मासे आणि जड धातूंचे विष

बीड जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि ज्या जिल्ह्यात नदीला वाहते पाणी वर्षातून थोडेच महिने दिसते, त्याच जिल्ह्यात अडविलेल्या पाण्याचे साठे मात्र पुष्कळ आहेत. सिंदफणेवरील माजलगावचे धरण, मांजरेवरील धनेगावचे धरण, बिंदुसरेवरील पालीचा तलाव, वाण नदीवरील नागापूरचा प्रकल्प, शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि अलीकडे ठिकठिकाणी खोदलेली शेततळी, असा हा पसारा आहे. या पाण्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि मच्छीमार सहकारी संस्थांची तसेच कित्येक शेतकऱ्यांची मिळकत त्यावर अवलंबून असते.

अडविलेल्या पाण्याचा एक गुणधर्म नीट ध्यानात घेतला पाहिजे. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन निघून जाते. त्यात विरघळलेले क्षार आणि धातू मात्र मागेच राहतात. जून उजाडेपर्यंत तलावाच्या तळाशी जे डबके उरते त्यात वर्षभराचे सारे आलेले असते, आणि जगलेवाचलेले मासेही त्याच डबक्यात गोळा झालेले असतात. सन २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट अजून लोकांच्या स्मरणात आहे. पाणी असे आटते तेव्हा त्याच्या प्रमाणाबरोबर त्याची जातही बदलते.

शेणामुताची वा सांडपाण्याची घाण जिवाणू खाऊन टाकतात. बहुतेक कीटकनाशके ऊन, पाणी व जिवाणू यांच्यामुळे कालांतराने विघटन पावतात. धातूंचे तसे नाही. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, जस्त, निकेल ही मूलद्रव्ये होत. त्यांचे रूप बदलते, पण ती नाहीशी होत नाहीत. पाण्यातून ती गाळात जातात, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत, आणि परिस्थिती बदलली की गाळातून पुन्हा पाण्यात येतात. सोमल म्हणजे आर्सेनिक आणि सेलेनियम हे शास्त्रीय दृष्ट्या पुरते धातू नव्हेत, परंतु त्यांचे वर्तन पुष्कळ अंशी असेच असल्याने त्यांचा विचार जड धातूंबरोबरच केला जातो.

माशाला विष कसे बाधते

माणसाला धातूची बाधा बहुधा अन्नपाण्यातून पोटावाटे होते. मासा मात्र अष्टौप्रहर पाण्यात असतो आणि त्याचे कल्ले सतत त्या पाण्याने धुतले जात असतात. कल्ल्याची त्वचा अत्यंत पातळ असते, कारण तिच्यातूनच प्राणवायू रक्तात शिरावयाचा असतो. गोड्या पाण्यातील माशाला आणखी एक काम या कल्ल्यांकडूनच करून घ्यावे लागते. त्याच्या रक्तात मीठ जास्त व बाहेरच्या पाण्यात कमी असल्यामुळे अंगातील मीठ एकसारखे बाहेर झिरपत असते. ते भरून काढण्यासाठी कल्ल्यांतील पेशी पाण्यातून सोडियम आणि चुना म्हणजे कॅल्शियम अहोरात्र ओढून घेत असतात. तांबे नेमके हे सोडियम ओढण्याचे काम बंद पाडते. जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने आत शिरतात व ती वाट अडवितात. म्हणजे पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा रक्तातील मीठ गमावून मरू शकतो. धातूचे प्रमाण फार असेल तर कल्ले बुळबुळीत स्रावाने माखतात, त्यांची त्वचा सुजून जाड होते आणि मग मात्र मासा खरोखरच गुदमरतो.

प्रमाण थोडे असेल तर मरण येत नाही, हानी मात्र चालू राहते. कॅडमियम यकृतात व मूत्रपिंडात साठत जाते. शिसे हाडांत व खवल्यांत बसते आणि रक्त तयार होण्याच्या क्रियेत बिघाड करते. शेपटीकडील भाग काळा पडणे व पाठीचा कणा वाकणे ही शिशाच्या दीर्घ विषबाधेची लक्षणे ट्राउट जातीच्या माशांत चांगली अभ्यासली गेली आहेत. तांब्यामुळे माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते. मग त्याला भक्ष्य सापडत नाही आणि शत्रूची चाहूलही लागत नाही. असा मासा खाद्य घालूनही वाढत नाही. संस्थेच्या वहीत त्याची नोंद ‘यंदा वाढ कमी’ एवढीच होते.

पाण्याची कठीणता

एकच धातू, एकाच प्रमाणात, एका तळ्यातील मासे मारतो व दुसऱ्या तळ्यात काहीच करीत नाही, असे का घडते? याचे मोठे कारण पाण्याच्या कठीणतेत आहे. कठीण पाण्यात कॅल्शियम विपुल असते. ते कल्ल्यांवरील जागा अगोदरच अडवून बसते आणि धातूला शिरकाव मिळू देत नाही. शिवाय अशा पाण्यातील क्षारांमुळे बराचसा धातू बांधला जाऊन तळाशी बसतो. बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असल्याने विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी सामान्यतः कठीण असते. साबणाला फेस येत नाही म्हणून गृहिणी ज्या पाण्याची तक्रार करतात, तेच पाणी माशाचे काही अंशी रक्षण करते.

आता प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे घ्या. ते पावसाच्या पाण्याने भरले असेल तर त्या पाण्याला मातीचा स्पर्शही फारसा होत नाही. असे पाणी मृदू असते आणि त्यात धातूचे विष कित्येक पटींनी तीव्र होते. अतिशय मृदू पाण्यात लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम इतके तांबेसुद्धा नाजूक जातींच्या पिलांना मारक ठरू शकते. कठीण पाण्यात तेवढ्याने बहुधा काही होत नाही. लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम, हे माप ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हिशेब समजण्यास सोपा जाईल.

शेळ्यामेंढ्यांच्या खुरांसाठी मोरचुदाचे पाणी करण्याची पद्धत आहे. शेकडा ५ च्या द्रावणाच्या एका दहा लिटरच्या बादलीत ५०० ग्रॅम मोरचूद असते. मोरचुदात शुद्ध तांबे सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे या बादलीत ते सव्वाशे ग्रॅमच्या घरात भरते. एखाद्या शेततळ्यात उन्हाळ्याच्या तोंडावर ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी उरले असेल आणि काम झाल्यावर ती बादली बांधावर ओतल्याने द्रावण तळ्यात उतरले, तर साऱ्या तळ्यात तांब्याचे प्रमाण लिटरला ०.२५ मिलिग्रॅम होईल. पाणी मृदू असेल तर बोटुकली वाचण्याची आशा धरू नये. पाणी तर निळे दिसणार नाहीच, आणि मासे कशाने मेले हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मोसंबी, डाळिंब वा द्राक्षाच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करताना मोरचुदाचे पिंप तळ्याच्या काठी धुणे हाही यातलाच प्रकार होय. मिश्रणात चुना पडल्यावर तांबे बरेचसे बांधले जाते. धोका आहे तो चुन्यात मिसळण्यापूर्वीच्या निळ्या द्रावणाचा. तळ्यातील शेवाळ मारण्यासाठी अंदाजाने मोरचूद टाकणे तर सर्वथा टाळावे. त्यात शेवाळ मरून कुजते, प्राणवायू संपतो आणि माशांना दोन्हीकडून मार बसतो.

मत्स्यबीज आणताना तांब्यापितळेच्या हंड्यात किंवा कोऱ्या जस्ताच्या बादलीत ठेवू नये. चकचकीत घासलेल्या भांड्यातील थोड्याशा पाण्यात धातू किती लवकर उतरतो याची कल्पना नसल्याने पिले हाताने मारली जातात. बीज नेहमी प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच आणावे.

परळीची राख

जिल्ह्यात मोठे रासायनिक कारखाने फारसे नाहीत, ही समाधानाची बाब आहे. परंतु परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच सन १९७१ मध्ये सुरू झाला. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४५ असते. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे चार हजार टन कोळसा जळतो, आणि त्यातून बाराशे टनांहून अधिक राख निघते. कोळशात अत्यल्प असलेले शिसे, क्रोमियम, सोमल, सेलेनियम इत्यादी पदार्थ जळून जात नाहीत. ते राखेत एकवटतात, पैकी काही अत्यंत बारीक कणांवर. पाऱ्याचा मोठा भाग धुराबरोबर निघून जातो.

राख विषारी आहे असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. विटा व सिमेंट करण्यात ती बांधली जाते आणि तो तिचा चांगला उपयोग आहे. प्रश्न आहे तो पाण्यात कालवून तळ्यात साठविलेल्या राखेचा, तिच्यातून झिरपणाऱ्या व ओसंडणाऱ्या पाण्याचा आणि उघड्यावर टाकलेल्या ढिगांवरून पहिल्या पावसात वाहून जाणाऱ्या लोंढ्याचा. या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शिसे, तांबे, जस्त यांसारखे धातू आपल्याकडील अल्कधर्मी पाण्यात बरेचसे तळाशी बसतात. परंतु सोमल, सेलेनियम आणि क्रोमियमचे एक विषारी रूप अशाच पाण्यात विरघळलेले राहतात. म्हणजे कठीण पाण्याचे जे कवच तांब्यापासून माशाला वाचविते, ते येथे उपयोगी पडत नाही.

याचे परिणाम कोठवर जातात ते अमेरिकेतील बेल्यूज सरोवराच्या उदाहरणावरून दिसून येते. नॉर्थ कॅरोलायना राज्यात वीजकेंद्राच्या थंडाव्यासाठी हे सरोवर बांधण्यात आले. सन १९७४ पासून केंद्राच्या राखतळ्याचे पाणी त्यात येऊ लागले. सरोवरातील सेलेनियमचे प्रमाण लिटरला सुमारे ०.०१ मिलिग्रॅम एवढेच होते. मोठे मासे धष्टपुष्ट दिसत होते. तरीही थोड्याच वर्षांत तेथील माशांच्या वीस जातींपैकी बहुतेक सर्व नाहीशा झाल्या. सेलेनियम मादीच्या शरीरातून अंड्याच्या बलकात उतरत होते. अंड्यांतून निघालेली पिले वाकड्या कण्याची, सुजलेल्या पोटाची निघत व मरून जात. पुढे राखेचे पाणी सरोवरात सोडणे बंद करावे लागले.

येथे एक तुलना अवश्य करावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात सेलेनियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्या सरोवरात होते तेवढीच. जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. तेवढ्या जस्तात माशांच्या अनेक जातींची पिले तगत नाहीत. तेव्हा प्रयोगशाळेच्या दाखल्यावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आला म्हणून ते पाणी मत्स्यशेतीलाही योग्य झाले, असे समजण्याचे कारण नाही. दाखल्यातील शेऱ्यापेक्षा त्यातील आकडे पाहावेत.

न दिसणारी हानी कशी ओळखावी

बेल्यूज सरोवरात मेलेल्या माशांचा खच पडला नव्हता, फक्त नवी पिढी येईनाशी झाली होती. आपल्या तलावांत असे काही घडले तर ते समजेल काय? कटला, रोहू व मृगळ हे मासे बंदिस्त तळ्यात अंडी घालीतच नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून त्यांचे बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावे लागते. पाण्यात पिले जगेनाशी झाली असली तरी मोठी बोटुकली सोडणाऱ्या संस्थेला ते कळत नाही. ती पुढील वर्षी पुन्हा बीज सोडते आणि थोडे कमी उत्पादन पदरात पाडून घेते.

यास्तव लक्ष ठेवावयाचे ते आपोआप वाढणाऱ्या जातींवर. मरळ, चिलापी, काठाकाठाने फिरणाऱ्या बारीक खवलेकरी मासळ्या यांची पिले पावसाळ्यात उथळ पाण्यात थव्याने दिसतात. मरळीची नरमादी तर पिलांच्या थव्याची राखण करीत फिरते, आणि हे दृश्य भोई बंधूंच्या परिचयाचे असते. एखाद्या तलावात मोठी मरळ सापडते पण पिलांचा थवा ओळीने दोन पावसाळे दिसला नाही, तर त्याची दखल घ्यावी. त्याला दुसरीही कारणे असू शकतात, जसे बारीक आसाच्या जाळ्यांनी केलेली लूट. पण चौकशीला तेथून आरंभ होतो, आणि त्यासाठी यंत्राची नव्हे, तर तलावावरील जुन्या माणसाला विचारण्याची गरज आहे.

मासे एकाएकी मेले तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम वेळ व जात पाहावी. पहाटेच्या सुमारास, ढगाळ हवेनंतर, मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले व मोठे मासे आधी मेले, तर बहुधा प्राणवायूची कमतरता होय. अशा वेळी हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ व मागूर तगून राहतात. याउलट लहान पिले आधी मेली आणि मरळही मेली, तर पाण्यात विष असण्याचा संभव अधिक. पाण्यातील किडे व कोळंबीही एका रात्रीत नाहीशी झाली आणि आदल्या दिवशी पाऊस होऊन फवारलेल्या शेताचे पाणी उतरले असेल, तर संशय कीटकनाशकावर घ्यावा. मेलेल्या माशाच्या कल्ल्यांवर दाट चिकट थर असणे हे धातूच्या तीव्र बाधेशी जुळणारे लक्षण आहे, पण तेवढ्यावरून निदान करू नये. परोपजीवी जंतूंमुळेही तसा थर येतो. वाकड्या कण्याचेही तेच. खाद्यातील जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही कणा वाकतो.

खाणाऱ्यांविषयी

कॅडमियम व शिसे माशाच्या मांसापेक्षा यकृत, मूत्रपिंड, कल्ले व हाडे यांत अधिक साठतात. म्हणून संशयित पाण्यातील मासा घ्यावा लागला तर आतडी, काळीज, कल्ले व डोके टाकून द्यावे. पाऱ्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथिल पारा मांसातच बांधला जातो. धुऊन, तळून वा उकडून तो जात नाही. शिवाय लहान मासा मोठ्याने खाल्ला की तो त्याच्यात उतरतो, त्यामुळे मरळ व शिवडा यांसारख्या मांसाहारी माशांत, त्यातही थोराड माशांत, त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने समुद्रातील मासे विषारी झाले आणि ते खाणाऱ्या कोळी कुटुंबांत हातपाय लुळे पडण्याचा रोग सन १९५६ मध्ये उघडकीस आला. तेथील मांजरे त्याआधीच वेडीवाकडी उड्या मारून मरू लागली होती. आपल्या राज्यातही, सन १९७० नंतरच्या दशकात, कल्याणजवळील काळू नदीत कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा आल्याचे आढळले होते.

नमुना कसा घ्यावा

संशय आल्यास मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयास व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. सन १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यान्वये पाण्यात विषारी पदार्थ सोडण्यास बंदी आहे, व तपासणीचा अधिकार मंडळाला आहे. परंतु अधिकारी येईपर्यंत मासे कुजतात आणि पाणी पुढे जाते, म्हणून पहिला नमुना गावातच घेऊन ठेवणे इष्ट.

त्यासाठी कोरी प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यावी आणि काठापासून थोडे आत, पाण्याखाली वीतभर बुडवून भरावी. पाणी तांब्याच्या वा पितळेच्या भांड्याने कदापि काढू नये. नमुन्यात तांबे सापडेल, पण ते भांड्याचे असेल. धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात शुद्ध नत्राम्ल घालावे लागते, ते न घातल्यास धातू बाटलीलाच चिकटून बसतो. हे आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्यावे किंवा बाटली त्याच दिवशी पोचवावी. दुसरी बाटली, आम्ल न घालता, कठीणतेच्या तपासणीसाठी द्यावी, कारण कठीणता ठाऊक नसेल तर धातूच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. नुकताच मेलेला किंवा तडफडणारा मासा स्वच्छ पिशवीत घालून बर्फात ठेवावा. पाण्याचा नमुना केवळ त्या घटकेची स्थिती सांगतो. म्हणून तळाच्या गाळाचा वरचा दोन बोटांचा थरही वेगळ्या पिशवीत घ्यावा. प्रत्येक नमुन्यावर जागा, तारीख, वेळ आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते लिहावे.

गाळाचा हा नमुना शेतकऱ्याच्याही कामाचा आहे. सन २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतील गाळ शेतात नेला जातो, आणि हलक्या जमिनीला तो उपकारकच आहे. मात्र राखेच्या ढिगाच्या उताराला असलेला तलाव, शहराचे सांडपाणी येणारा ओढा किंवा जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेजवळील डबके, अशा ठिकाणचा गाळ तपासल्यावाचून उचलू नये. कॅडमियम पिकाच्या मुळांवाटे सहज वर चढते आणि पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत ते अधिक उतरते. ज्वारीच्या दाण्यात त्यामानाने कमी. अहवाल येईपर्यंत असा गाळ आणून पडला असेल तर त्या तुकड्यात भाजीपाला न घेता कापूस घ्यावा.